बॅटरीची बॅटरी बदलताना

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या मामांचा फोन येतो तो कांद्याच्या भावाबद्दल, नाहीतर लाइटीबद्दल. या वेळी निराळंच निघालं. "अरे, बॅटरीची बॅटरी गेलीय. तुमच्या पुण्यात ते नवे सेल मिळतात ना, लॅपटॉपात असतात तसले? तसला एक टाकून दे तिच्यात."

आपल्याकडे हा घोळ जुनाच आहे. हातातल्या दिव्याला आपण बॅटरी म्हणतो, त्याच्या पोटातल्या बॅटरीला सेल म्हणतो, आणि 'विजेरी' हा चांगला शब्द शाळेच्या पुस्तकात ठेवून देतो. या लेखापुरतं ठरवून घेऊ: हातात धरायची ती टॉर्च, तिच्या आत बसतो तो सेल.

मामांना टॉर्च हौसेसाठी नको आहे. जुन्नर-आंबेगाव भागात शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी आली की रात्री उसाला पाणी भरायला जावं लागतं, आणि त्या उसात बिबट्या असतो. इकडे शहरात गुरुवारी लाइट गेली की आपण मोबाइलचा दिवा लावून भागवतो. तिकडे बांधावर तेवढ्यावर भागत नाही. तेव्हा मामांचा प्रश्न रास्त आहे, आणि ट्रेकवाल्या मित्रांपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत तो मला बऱ्याच जणांनी विचारलाय. जुन्या चार्जिंगच्या टॉर्चमध्ये लिथियम सेल बसवता येतो का?

येतो. पण सेल बदलायच्या आधी चार्जर बदलावा लागतो. तो जुनाच ठेवून नुसता सेल बदलला तरी टॉर्च पेटते, झकास पेटते, आणि खरी पंचाईत तिथेच आहे.

जुन्या टॉर्चच्या पोटात

मामांच्या टॉर्चसारखी टॉर्च तुमच्याही घरात असेल. प्लॅस्टिकची, मागून दोन पिना बाहेर सरकवायच्या आणि थेट भिंतीच्या सॉकेटात खोचायची. चार स्क्रू काढले की आत करड्या रंगाची एक जडशी डबी दिसते, तिच्यावर ४ व्होल्ट लिहिलेलं असतं. ही शिसं आणि आम्लाची बॅटरी, दुकानदाराच्या भाषेत लेड अ‍ॅसिड. स्कूटरच्या बॅटरीचंच कुळ, फक्त दोन-दोन व्होल्टच्या दोनच खोल्यांचं बिऱ्हाड.

ती लवकर का मरते? कारण आपण तिला उपाशी ठेवतो. पावसाळ्यात वापरली, रिकामी झाली, कपाटावर टाकली आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडली. मधल्या काळात शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट बसून जातात, बंबाच्या आत क्षार धरतात तसे. मग कितीही चार्ज करा, पाच मिनिटांत दिवा पिवळा पडतो.

आता त्या डबीशेजारची छोटी पाटी बघा. सुपारीएवढा एक चौकोनी कपॅसिटर, चार डायोड, एक-दोन रेझिस्टर. झाला चार्जर! ट्रान्सफॉर्मर नाही, चिप नाही. कपॅसिटर म्हणजे एसी विजेच्या वाटेत ठेवलेला अडसर. तो १ मायक्रोफॅरडचा असेल तर आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेतून साधारण ७० मिलीअँपिअर एवढी बारीक धार पुढे सोडतो. स्वस्त आणि टिकाऊ मांडणी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण पुढे काय जोडलंय आणि ते किती भरलंय याची तिला पर्वा नसते. पिना सॉकेटात आहेत तोवर धार चालू.

शिवाय या पाटीचा घरातल्या मेन लाइनशी थेट संबंध असतो. मध्ये काहीच आडपडदा नाही. त्यामुळे टॉर्च उघडी ठेवून पिना सॉकेटात घातल्या आणि सेलच्या टोकाला बोट लागलं, तर बसणारा झटका ४ व्होल्टचा नसतो, २३० चा असतो. उघडलेली टॉर्च सॉकेटात घालून "चार्ज होतेय का बघू" हा प्रयोग कोणीही करू नये.

नवा सेल म्हणजे नेमका कोणता

लॅपटॉपच्या बॅटरीत, पॉवर बँकेत आणि काही विजेच्या दुचाकींत जो बोटभर लांबीचा गोल सेल असतो, त्याचं नाव १८६५०. हे नाव म्हणजे त्याचं मापच आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल. आतली रसायनं लिथियम-आयन जातीची. अशी बॅटरी सोनीने १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली, आणि ज्यांच्या कामावर ती उभी आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्टच्या आसपास असतो. पूर्ण भरला की ४.२, आणि ३ च्या खाली गेला की त्याला रिकामा समजायचं. व्होल्ट म्हणजे नळाला किती जोर आहे ते. मिलीअँपिअर-तास म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते. जुनी डबी ४ व्होल्टची, नवा सेल ३.७ चा. जोर जवळपास तेवढाच, वजन पन्नास ग्रॅमच्या आत, आणि पाणी दुप्पट-तिप्पट. म्हणूनच सगळ्यांना वाटतं, डबी काढली, सेल घातला, संपला विषय.

सोसायटीची टाकी आणि ओसंडायची नळी

सकाळी सोसायटीची मोटर चालू करून वॉचमन चहाला गेला की काय होतं? टाकी भरते, वरच्या नळीतून पाणी खाली पडायला लागतं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून ओरडतात. पाणी वाया जातं, पण टाकी फुटत नाही. ओसंडायची नळी असते म्हणून.

लेड अ‍ॅसिडला अशी नळी निसर्गाने दिलेली आहे. ती पूर्ण भरली, म्हणजे दाब साधारण पावणेपाच-पाच व्होल्टपर्यंत चढला, की जादा वीज आतल्या पाण्याचं विघटन करण्यात खर्च होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन हळूहळू झडपेतून निघून जातात. बॅटरी आतून सुकत जाते, तिचं आयुष्य घटतं, पण रात्रभर सॉकेटात राहिली म्हणून सहसा कोणाचं घर जळत नाही. आपल्या तीन पिढ्या 'रात्रभर चार्जिंगला लाव' हे याच भरवशावर शिकल्या.

लिथियम सेलला ओसंडायची नळी नाही. ४.२ व्होल्टनंतर आत ढकललेल्या विजेला निरुपद्रवी असा दुसरा उद्योग उरत नाही. मग एका बाजूला लिथियम धातूच्या रूपात साचायला लागतं, दुसऱ्या बाजूचं रसायन विस्कटायला लागतं, उष्णता वाढते, वायू तयार होतो. आत जो द्रव आहे तो पाणी नव्हे. तो पेट घेणारा द्रव आहे. आणि हे सगळं टॉर्चच्या घट्ट बंद नळीत चाललेलं असतं. शिट्टी बसवलेला कुकर वेगळा, आणि शिट्टी बंद केलेला कुकर वेगळा.

म्हणून लिथियमच्या चार्जरला दोन गोष्टी याव्या लागतात. बादली काठापर्यंत भरताना आपण आधी नळ पूर्ण सोडतो आणि शेवटी बारीक करतो, तसं आधी ठरावीक धारेने भरायचं आणि ४.२ गाठलं की धार बारीक करत न्यायची. मग पूर्ण थांबायचं. चुकीला सवलत किती, तर ०.०५ व्होल्ट. सुपारीएवढ्या कपॅसिटरला हे हिशेब कुठून येणार?

"पण माझ्या मेव्हण्याने असंच केलंय, वर्षभर चालतेय की!"

हे मी इतक्यांदा ऐकलंय की या मेव्हण्याला एकदा भेटायची इच्छा आहे. तो खोटं बोलत नसणार. हिशेब करून बघा.

एसी विजेचं डायोडांनी डीसी केल्यावर ती धार साधारण ६५ मिलीअँपिअर उरते. नवा सेल २६०० मिलीअँपिअर-तासांचा. म्हणजे पूर्ण रिकामा सेल भरायला चाळीस तास लागतील. मेव्हणा रात्री दहा तास लावतो आणि दुसऱ्या दिवशी थोडी वापरतो. सेल कधी काठापर्यंत पोचतच नाही. महिनोनमहिने सगळं सुरळीत. मग एकदा तो टॉर्च सॉकेटात खोचून चार-पाच दिवस गावाला जातो. वापर शून्य, धार चालू. टाकी काठाला लागते ती घरात कोणी नसताना.

चूक केल्या केल्या धूर निघाला असता तर बरं झालं असतं, लोक शिकले असते. इथे चूक एका दिवशी होते आणि तिचं बिल भलत्याच दिवशी येतं.

"सेलला प्रोटेक्शन सर्किट आहे, मग भीती कसली?"

हा प्रश्न अभ्यास केलेल्या माणसाचा आहे, म्हणून जरा थांबून उत्तर देतो. काही सेलच्या बुडाशी, किंवा वेगळी मिळणारी, एक छोटी पाटी असते. दाब ४.२५-४.३ व्होल्टच्या पुढे गेला की ती मधला रस्ता तोडते. चांगली गोष्ट आहे. पण घरातला एमसीबी जसा दिवे रोज चालू-बंद करण्यासाठी नसतो, तशी ही पाटीही रोज चार्जिंग थांबवण्यासाठी नसते. वरचा सगळा बंदोबस्त फसला तरच तिने धावायचं.

जुन्या कपॅसिटरच्या चार्जरसमोर तर ती धावूनही उपयोग नसतो. सेल जोडलेला असतो तोपर्यंत तोच त्या चार्जरचा दाब खाली धरून ठेवतो. पाटीने सेल तोडला रे तोडला, की चार्जरला पुढे वाटच उरत नाही आणि त्याच्या टोकांवरचा दाब चढत जातो. पुढे काहीच नसेल तर किती? २३० व्होल्टच्या एसीचं शिखर साधारण ३२५ व्होल्टचं असतं, तिथपर्यंत. आणि त्या पाटीवरचे इवलेसे ट्रान्झिस्टर वीसेक व्होल्टच्या मापाचे. ते जळतात, आणि असे ट्रान्झिस्टर जळताना पुष्कळदा शॉर्ट होऊन जळतात. म्हणजे तुटलेला रस्ता पुन्हा जोडला जातो, आणि या वेळी राखणदार मेलेला असतो.

मग करायचं काय

मामांच्या टॉर्चचं मी जे केलं ते सांगतो. सोल्डरिंग येत नसेल तर हेच सगळं गल्लीतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याला सांगा, त्याला अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी पिना, कपॅसिटर आणि ती अख्खी पाटी काढून टाकली. अर्धवट नाही, मुळापासून. 'दोन्ही सोयी राहू देत' असा मोह होतो, पण मेन लाइनची पाटी आणि यूएसबीचं तोंड एकाच डब्यात एकमेकांना जोडलेली राहिली, तर पिना सॉकेटात असताना यूएसबीची पत्र्याची कडसुद्धा झटका देऊ शकते.

तिच्या जागी टीपी४०५६ नावाच्या चिपचं मॉड्यूल बसवलं. नखाएवढं नाही, पण अंगठ्याएवढं असतं, पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ढिगाने मिळतं आणि फार तर एका मिसळीच्या पैशांत येतं. घेताना सहा टाके देण्याच्या जागा असलेलं घ्यायचं, कारण त्यावर आत्ता सांगितलेलं प्रोटेक्शनही असतं. मोबाइलचा साधा पाच व्होल्टचा चार्जर त्याला लावायचा. लाल दिवा म्हणजे भरतोय, निळा किंवा हिरवा म्हणजे भरला आणि चार्जिंग थांबलं. हे 'थांबलं' विकत घेण्यासाठीच सगळा खटाटोप. बी अधिक आणि बी उणे या जागांना सेल, आउट अधिक आणि आउट उणे यांना टॉर्चच्या बटणाकडे जाणाऱ्या वायरी. उलटसुलट केलं तर मॉड्यूल एका क्षणात धूर सोडतं. मी एक सोडवलाय. टाइप-सी तोंडाची काही स्वस्त मॉड्यूलं दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. तसं झालं तर जुनी चपट्या तोंडाची केबल लावून बघा, मॉड्यूल फेकू नका.

सेलला थेट सोल्डर मारायचा नाही. सोल्डरिंगची तापलेली इस्त्री सेलच्या टोकाला दहा सेकंद धरली की आतलं सील दुखावतं. प्लॅस्टिकचा होल्डर घ्या, किंवा दुकानातून निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड करून घ्या. आणखी एक बारीक पण मोठी गोष्ट: १८६५० चं सगळं धातूचं अंग उणे असतं, अगदी अधिक टोकाच्या भोवतीची कडसुद्धा. मध्ये फक्त वरचं पातळ प्लॅस्टिक आणि एक कागदी चकती. ते प्लॅस्टिक फाटलं असेल तर असा सेल धातूच्या टॉर्चमध्ये घालणं म्हणजे शॉर्टला आमंत्रण. किल्ल्यांच्या खिशात सुटा सेल टाकायचा नाही, तोही याच कारणाने.

९९०० लिहिलेला सेल

बाजारात १८६५० सेलवर ५८००, ९९०० असे आकडे छापलेले दिसतात. या मापाच्या चांगल्यात चांगल्या नेहमीच्या सेलमध्ये साधारण ३५०० मिलीअँपिअर-तास मावतात. तांब्यात घागर ओतली म्हणून कोणी सांगितलं तर आपण हसतो, इथे मात्र पैसे देतो. छापील आकडा जितका मोठा तितका सेल संशयास्पद, हा माझा नियम. हातात घेऊन वजनही बघा; अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली पुष्कळदा पोकळ हलका लागतो.

जुन्या बाजारात लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्तात मिळतात. त्यातले काही खरंच चांगले निघतात, पण व्होल्ट मोजायला मल्टिमीटर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. जो सेल दोन व्होल्टच्या खाली जाऊन बरेच दिवस पडून आहे, त्याच्या आतलं तांबं विरघळून भलतीकडे साचलेलं असू शकतं. असा सेल चार्ज होतो, चांगला वागतो, आणि पुढे कधीतरी आतल्या आत शॉर्ट होतो. मी नवाच घेतला, २६०० चा.

एलईडी जळणार नाही ना?

४ व्होल्टच्या लेड अ‍ॅसिड टॉर्चचा एलईडी सहसा लिथियमवर सुखात राहतो, कारण जुनी बॅटरी भरलेली असताना दाब उलट जास्तच असतो. गडबड होते ती तीन पेन्सिल सेलच्या, अगदी स्वस्त टॉर्चमध्ये. तिथे पुष्कळदा रेझिस्टरच नसतो. बारीक सेलना जास्त प्रवाह सोडवतच नाही, त्यांच्या अशक्तपणावर एलईडी जगत असतो. लिथियम सेल पैलवान आहे. बारीक नळाच्या जागी टँकरचा पाइप लावल्यासारखं होतं. पांढऱ्या एलईडीला तीन-सव्वातीन व्होल्ट पुरतात, तेव्हा उरलेला दाब मध्ये एक रेझिस्टर टाकून जिरवायचा. मामांच्या एलईडीला मी ३०० मिलीअँपिअर द्यायचं ठरवलं. ४ वजा ३.२ म्हणजे ०.८, भागिले ०.३, २.७ ओहमचा रेझिस्टर. शाळेतला ओहमचा नियम इथे पहिल्यांदा उपयोगी पडला.

जुन्या पितळी टॉर्चमध्ये तारेचा बल्ब असेल तर दोन सेलचा, अडीच व्होल्टचा बल्ब ४.२ वर क्षणात उडतो. बल्ब बदला. आणि नेहमीच्या पेन्सिल सेलच्या टॉर्चला फक्त चार्जिंगचे सेल हवे असतील, तर एवढ्या भानगडीची गरजच नाही. निकेल मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे सेल त्याच मापात मिळतात, उजेड किंचित कमी पडतो, बाकी काही बदलावं लागत नाही. त्याच मापाचा लिथियम सेलही मिळतो, १४५०० नावाचा. तो मात्र एकेक ३.७ चा, दोन पेन्सिल सेलच्या जागी दोन घातले की तीनऐवजी ७.४ व्होल्ट, आणि दिवा गेला.

उन्हातान्हात राहणार असेल तर

लिथियमचीच एक शांत बहीण आहे, लिथियम आयर्न फॉस्फेट. तिचा दाब ३.२ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ३.६५. आडदांडपणाने वागवलं तरी ती पेटण्याची शक्यता पुष्कळ कमी असते. सौर दिव्यांत तिचा वापर होतो तो याचसाठी. तिचा ३२७०० नावाचा सेल जवळपास जुन्या जाड्या सेलएवढा जाड असतो, फक्त थोडा लांब. मोठी टॉर्च शेतावरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत पडून राहणार असेल, तर मी हीच घेईन. पण तिला ४.२ वाला चार्जर चालत नाही. ३.६ च्या आसपास थांबणारं वेगळं मॉड्यूल लागतं, आणि दुकानात दोन्ही एकाच बरणीत पडलेली असतात. विचारून घ्या.

एवढं करण्यापेक्षा नवीच का घेऊ नये?

पुष्कळदा नवीच घ्यावी. प्लॅस्टिक तडकलेलं असेल, बटण सैल असेल, तर हा उद्योग हौसेचा आहे, बचतीचा नाही. मामांच्या टॉर्चची काच मोठी आहे आणि झोत लांब जातो, म्हणून केलं.

निघालेली शिशाची डबी भंगारवाल्याला द्या, तो वजनावर पैसे देतो. लिथियमचा मेलेला सेल मात्र रोजच्या कचऱ्यात टाकू नका. पुण्यात कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई तो हाताने वेगळा करतात, आणि त्यांच्या नजरेतून सुटला तर पुढे गाडीत दाबला जातो. दाबलेला सेल पेट घेतो. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, तेव्हा विकणाऱ्यालाही बेधडक विचारा.

एक गोष्ट मामांनी शिकवली

टॉर्च घेऊन ओतूरला गेलो. आठ तास चालेल, साडेतीन तासांत भरेल, रात्रभर लावली तरी आपोआप थांबेल, सगळं सांगितलं. मामा खूश. दहा दिवसांनी फोन.

"उजेड ब्येस आहे रे, पण ही सांगत नाही. जुनी कशी पिवळी पडायची, कळायचं की आता घराकडं वळावं. ही लख्ख चालू असती आन् एकदम फट्. उसाच्या मधोमध."

बरोबर होतं त्यांचं. लिथियम सेल शेवटपर्यंत दाब बराचसा टिकवून धरतो, आणि तळ गाठला की प्रोटेक्शनची पाटी झटक्यात तोडते. सेलसाठी ते योग्यच आहे. उसात उभ्या असलेल्या माणसासाठी नाही. मी बाकी उरलेल्या चार्जचे चार ठिपके दाखवणारी छोटी पट्टी आणून ठेवलीय, पुढच्या खेपेला बसवेन. तोवर मामांनी त्यांच्या पद्धतीने तोडगा काढलाय: पाणी भरायला निघताना कमरेला दोन सेलची जुनी पितळी टॉर्च असते, आणि ही नवी ते एक रात्र वापरली की दुसऱ्या सकाळी न चुकता चार्जिंगला लावतात.